स्वच्छ आवाजाचा फोन

फोन नको, असं मी तीनदा सांगितलं होतं. माझा जुना फोन चालत होता. काच तडकलेली होती, मागचं झाकण मी रबर लावून धरलं होतं, दुपारपर्यंत त्याचं चार्जिंग संपायचं, पण चालत होता. घरात माणूस म्हातारं झालं म्हणून कोणी बदलून आणतं का? पण आमची लेक पणजीला नोकरीला लागली आणि तिला बापाची लाज वाटायला लागली. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, चार दिवस आधी ती कोरगावला आली ती खोकं घेऊनच.

खोकं उघडलं तर आत चार्जर नाही. मी खोकं उलटं करून आपटलं, तळाचा पुठ्ठा काढला. नाहीच. "बाबा, आता देतच नाहीत," लेक म्हणाली. म्हटलं, शाबास! उद्या चप्पल घ्यायला गेलो तर एकच देतील आणि दुसरी तुमच्याकडे असेलच म्हणतील.

मग त्या फोनवर घरोघरचे अभिप्राय सुरू झाले. आमच्याकडे नवीन वस्तू एकट्याची नसते. गाय आणा, मिक्सर आणा, सून आणा, दोन दिवस वाड्यावरचं प्रत्येक घर येऊन बघून जातं आणि जाताना काहीतरी खोट काढून जातं.

पहिली खोट माझ्या घरातलीनेच काढली. बोट टेकवलं की फोन उघडतो, असं लेकीने दाखवलं. लेकीचं बोट टेकलं, उघडला. माझं टेकलं, उघडला. बायकोचं बोट नोंदवायला घेतलं, ते काही त्याला पटेना. पुन्हा टेकवा, जरा दाबून टेकवा, बोट पुसून टेकवा. तिने पदराला पुसलं, साबणाने धुतलं, दहाही बोटं लावून झाली. वर्षानुवर्षं काजू फोडून बियांच्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेघाच गेल्यात, हे त्या फोन बनवणाऱ्याला कोण सांगणार? शेवटी ती म्हणाली, "ह्या फोनाक कामाची माणसां वळखूक येनत नाय," आणि उठून चुलीकडे गेली. मी हसलो. पण बत्तीस वर्षांच्या संसारात तिचे हात मी इतके नीट पाहिले नव्हते, हेही खरं.

शेजारची काकी आली. लेकीने तिचा फोटो काढला. काकीने फोन लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "ही कोण गे? बरी आसा दिसाक." काळीसावळी, उन्हात रापलेली आमची काकी त्या फोटोत पेढ्यासारखी झाली होती. ती स्वतःच आहे असं कळल्यावर ती आधी रागावली आणि मग म्हणाली, "आणखी एक काढ, ह्या बाजून." देवळाजवळचे निवृत्त मास्तर आले, त्यांनी फोन सगळीकडून चाचपला आणि विचारलं, "कानात घालायच्या वायरीचं भोक कुठाय?" भोक नव्हतं. माझ्या सकाळच्या नाट्यगीतांची वाट लागली ती तिथेच.

एकच गोष्ट मला मनापासून आवडली. लेक म्हणाली होती, "बाबा, ह्याच्यावर बोललात ना, की पलीकडच्याला फक्त तुमचा आवाज जातो. आजूबाजूचा सगळा कचरा गाळून टाकतो हा." मी म्हटलं, हे मात्र बेस केलं. चार्जर नसेना का!

कारण जुन्या फोनवर बोलणं म्हणजे बाजारात उभं राहून बोलणं. आणि मी रोज बोलायचो तो माझ्या दादाशी, डिचोलीला.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि दादा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला गेला. पगार आईच्या हातात आणि शनिवारी रात्री स्वतः घरात, असा त्याचा नेम. तो यायचा तो नखशिखान्त लाल. केसांत, पापण्यांत, कानाच्या पाळीमागे खाणीची लाल माती. आई विहिरीवर त्याच्या डोक्यावर पाणी ओतायची आणि खाली दगडावरून लाल ओहोळ वाहायचा, तो आम्ही पोरं बघत बसायचो. माझं कॉलेज, माझी पणजीची सरकारी नोकरी, सगळं त्या लाल पाण्यातून आलं. नंतर त्याने डिचोलीतच घर बांधलं, तिथलीच वहिनी केली. पण चवथीला तो कोरगावात नाही, असं कधी झालं नाही. कारण गाऱ्हाणं तो घालायचा.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्यात साधी प्रार्थना नव्हे. घरातला वडील माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. एकेक वाक्य झालं की मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ते व्हय नसेल तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. आणि न पोचण्यापेक्षाही वाईट म्हणजे, व्हय न म्हणणं हे मागच्यांनी तोंडावर सांगितल्यासारखं असतं, की बाबा, तू आमच्या वतीने बोलू नको. मी लहान असताना देवळात एका म्हाताऱ्याने गाऱ्हाण्यात शेजारच्या घराण्याला टोमणा मारला. मागे पन्नासभर माणसं उभी होती, कोणी हूं की चूं केलं नाही. म्हातारा थांबला, मागे वळून बघितलं, चपला घातल्या आणि घरी गेला. मरेपर्यंत तो देवळाची पायरी चढला नाही. मी तेव्हा दादाचा हात धरून उभा होतो. दादाचा हात घामाने भिजला होता, ते मला अजून आठवतं.

दोन वर्षांपूर्वी दादा न्हाणीत पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण प्रवास संपला. पहिल्या चवथीला आम्ही त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला, फळापानांच्या टांगलेल्या माटोळीखाली गणपतीसमोर फोन धरला आणि दादाने डिचोलीच्या खाटेवरून गाऱ्हाणं घातलं. मागे आम्ही तीसेक माणसं. फोन जुना, त्यातून घर्रघर्र, मधेच कोणाचं पोर रडतंय, झांजा वाजताहेत, स्वयंपाकघरात शिटी होतेय. दादाला सगळं ऐकू जायचं. गाऱ्हाणं संपल्यावर तो म्हणाला, "काकीचो आवाज बसलोसो दिसता. तिका आल्याचो रस दी." तीस माणसांत त्याने काकी ओळखली होती.

रोजच्या बोलण्यातही तेच. संध्याकाळी मी जनेलापाशी, खिडकीत बसून त्याला फोन लावायचो आणि नेमका त्याच वेळी पाववाला पोदेर सायकलवरून यायचा, पोंय पोंय हॉर्न वाजवत. दादा तिकडून म्हणायचा, "पोदेर इलो रे. जा, आदी पाव घे." मी चिडायचो. म्हणायचो, अरे, माझं बोलणं ऐक ना, पोदेराचं काय ऐकतोस! आणि तो हसायचा. त्याला माझ्या बोलण्यात फारसा रस नव्हताच. तो घर ऐकत असायचा. पण हे मला तेव्हा कुठे कळत होतं? मला वाटायचं, फोन खराब.

आता माझी चूक सांगतो. जून महिन्यात एकदा फोन तीन वेळा तुटला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दादा, ह्या वर्षीपासून गाऱ्हाणं मीच घालतो. तू आराम कर. फोनवरून कसला देव ऐकतो!" तो म्हणाला, "बघूया." मी ते विसरलो. रागात बोललेलं मी नेहमीच विसरतो. ज्याला बोलतो तो विसरत नाही, हे बायको मला आयुष्यभर सांगत आली आहे.

चवथीचा दिवस उजाडला. पूजा झाली, आरती झाली. मी नव्या फोनवरून दादाला लावला आणि म्हटलं, "दादा, ऐकू येतंय?" तो खूश झाला. "अरे, कायतां काचेसारखो आवाज! खोलीतच बसलोस असा वाटता." मी म्हटलं, "मग! लेकीने घेतलाय. घाल गाऱ्हाणं." आणि पूर्वीसारखाच हात लांब करून फोन माटोळीखाली, देवाच्या पुढ्यात धरला.

"बा देवा म्हाराजा," दादाने सुरुवात केली. आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

"आज सालाबादपरमाण तुझी ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत." "व्हय म्हाराजा!"

दादा थांबला. मला वाटलं, दम लागला असेल. मग जरा हळू, "काय चुकलामाकला आसात, ता पोटात घाल." "व्हय म्हाराजा!" पोरं तर नुसती ओरडत होती.

पुन्हा शांतता. मग राहू दे म्हणावं तसं दादा म्हणाला, "असांदे," आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. उचलला नाही. आम्ही म्हटलं, रेंज गेली असेल. जेवणं झाली, पातोळ्या झाल्या, मी संध्याकाळी लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा लावला. चौथ्या वेळी वहिनीने उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भावजी, ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत." मी विचारलं, झालं काय? ती म्हणाली, "मला काय सांगतात! तुम्ही भावांनी काय ते बघा." मला राग आला. चवथीच्या सणाला हे कसलं रुसणं? गाऱ्हाणं अर्धं टाकून फोन कोण ठेवतं? मीही म्हटलं, जाऊ दे, मलाही मान आहे. दिवसभर मी असा धुमसत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी न राहवून मी जनेलापाशी बसून पुन्हा लावला. वहिनी आली. आम्ही बोलत होतो आणि दारात पोदेर आला. पोंय पोंय, अगदी माझ्या कानाशी. मी म्हटलं, "थांबा वहिनी, पोदेर आलाय." ती म्हणाली, "आला? हॉर्न नाही ऐकू आला."

मी पाव घ्यायला उठलो होतो तो तसाच उभा राहिलो. पोदेर माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा राहून पुन्हा हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, "आता? आता ऐकू येतोय?" ती म्हणाली, "फक्त तुमचा आवाज येतोय. छान स्वच्छ."

अरे देवा! माटोळीखाली मी फोन लांब धरला होता. फोनच्या दृष्टीने तिथे जवळ बोलणारं कोणीच नव्हतं. माझी बायको, लेक, काकी, दोन चुलत भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडं, आणि मीही. सगळा कचरा. त्याने गाळून टाकला. आणि तिकडे दादा वाक्य टाकतोय, थांबतोय, कानात जीव आणून ऐकतोय, आणि पलीकडून काही नाही. लाईन खराब म्हणावी तर आवाज काचेसारखा, हे त्याने स्वतःच म्हटलेलं. त्यात जूनमधलं माझं बोलणं त्याच्या डोक्यात. त्याने काय समजायचं? आपण ज्यांना वाढवलं त्यांनी आपल्याला तीस जणांसमोर गप्प राहून सांगितलं, की आता तू नको.

लेकीला हाक मारली. तिने ऐकलं आणि ती रडायलाच लागली. म्हटलं, रडू नको, बंद कसं करायचं ते सांग. बोलणं चालू असताना वरून बोट खाली ओढायचं, माइकच्या खुणेवर दाबायचं, मग साधं निवडायचं. मी ते कागदावर लिहून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने म्हापसा आणि तिथून डिचोली.

दादा भिंतीकडे तोंड करून होता, वहिनीने सांगितलं तसाच. पाय केवढेसे झालेले. मी खाटेवर बसलो आणि सगळं सांगितलं. तो वळलाच नाही. भिंतीलाच म्हणाला, "माणसांचे आवाज गाळणारो फोन? दुसऱ्या कोणाक तरी सांग. मी चाळीस वर्सां मशिनाबरोबर काढलंय."

मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, "थांब तू." वहिनीला सांगितलं, मी फोन लावतो, तुमचा फोन ह्याच्या कानाला धरून ठेवा. आणि मी तरातरा निघालो तो घाटी उतरून पार मोठ्या रस्त्यावर, जिथून त्याच्या घरात काही ऐकू जाणं शक्य नाही. तिथे चिऱ्यांचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर दोडामार्गचा, केळी खात बसलेला. मी त्याला म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी हॉर्न वाजव. मी सांगेपर्यंत वाजवत राहा." त्याने मला वरून खाली बघितलं. एक म्हातारा, घामाघूम, हातात फोन आणि कागद. पण भला माणूस. केळं तोंडात धरलं आणि हॉर्नवर हात ठेवला.

मी नव्या फोनवरून लावून दादाला विचारलं, "ऐकू येतंय काय?" रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली होती. दादा म्हणाला, "तुझो आवाज येता. आनि कायच नाय." मी कागद बघून वरून बोट खाली ओढलं, दाबलं, चुकलं, परत दाबलं.

फोनवर एकदम वहिनीचा आवाज आला, "अगो बाई!" ड्रायव्हर वाजवतच होता. त्याने वैतागून ट्रक चालू केला, थोडा पुढे घेतला आणि पुन्हा वाजवला. मग दादाचा आवाज आला, खाणीवर ट्रक चालवणाऱ्या दादाचा.

"तेका सांग, क्लच गेलोसा त्येचो. घाटात घालू नको म्हणान."

मी सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "तेका कसा कळला?" मी त्याला हात जोडले आणि घाटी चढायला लागलो.

वर गेलो तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता आणि वहिनी त्याला पेज भरवत होती. मी जूनमधल्या बोलण्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माका ठावक होता तू रागान बोललंस. पण सगळे गप रवले, तेवा वाटला, तुझा खरा आसात." मी त्याचे पाय चेपत बसलो. संध्याकाळच्या बसने घरी आलो.

पाचव्या दिवशी विसर्जन. त्याआधी पुन्हा गाऱ्हाणं घालतात. लेकीने फोन दोनदा तपासला, तीनदा तपासला. जुना फोनही रबर लावून चार्जिंगला ठेवला होता, न जाणो. माटोळीतली फळं वाळायला लागली होती, पोरं झांजा घेऊन तयार, काकी पुढे येऊन उभी. मी फोन देवाच्या पुढ्यात धरला.

"बा देवा म्हाराजा."

सगळे इतक्या जोरात ओरडले की दिव्याची ज्योत हलली. दादाने पुढचं वाक्य घातलंच नाही. पलीकडून काही येईना. लेकीने माझ्याकडे घाबरून बघितलं. मग दादाचा आवाज आला.

"काकी आसा. चुलतभाव आसत. पोरां आसत. चुलीवर कुकर आसा." जरा थांबून म्हणाला, "एक आवाज कमी आसा रे. तुझो येना नाय. फोन परत बिघडलो काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोने माझ्या हातातून फोन आपल्या हातात घेतला, तिच्या त्या रेघा गेलेल्या बोटांत घट्ट धरला, आणि तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "फोन बरो आसा, दादानू. ते रडतत."